पाल्म्सेचा वाडा आणि त्याचे मालक : एस्टोनियातले काही दिवस

दिवस पहिला : टॅलिन

तेरा-चौदा लाख लोकवस्तीच्या एस्टोनियात एकेकाळी हजाराहून जास्त जहागिऱ्या होत्या आणि जहागीर म्हटली की तिचा वाडा आलाच. जमीन कसणारे एस्टोनियन, मालक बहुतेक जर्मन बोलणारे उमराव. वर राज्य करणारे बदलत गेले. आधी डेन्मार्क, मग ट्युटॉनिक ऑर्डर या लढवय्या धर्मसंघाचे जर्मन सरदार, मग स्वीडन, मग रशियाचा झार. उमराव मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जागी राहिले. १९१९ साली नव्या प्रजासत्ताकाने एका कायद्याने ही सगळी घडी मोडली. यातला एखादा वाडा घ्यायचा आणि तो कुणाकुणाच्या हातातून गेला हे त्याच्याच आवारात उभं राहून समजून घ्यायचं, असं बरेच दिवस मनात होतं. भाची टॅलिनमध्ये नोकरीला आहे. तिला फोनवर सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, “मावशी, मग पाल्म्सेलाच जायचं. गाडी मी चालवते.”

पाल्म्से टॅलिनच्या पूर्वेला साधारण ऐंशी किलोमीटरवर, लाहेमा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. तिथल्या पहिल्या मालकांचा पत्ता मात्र टॅलिनच्या जुन्या गावातच सापडतो. १२८७ सालच्या कागदपत्रांत पाल्म्सेचं नाव पहिल्यांदा येतं ते सेंट मायकलच्या मठाची मालमत्ता म्हणून. सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या जोगिणींचा हा मठ. घरदार सोडून आलेल्या बायका आणि त्यांच्या नावावर ऐंशी किलोमीटर लांबचं गाव, तिथली शेतं आणि शेतं नांगरणारी माणसं! मठाची जागा आजही दाखवता येते. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मठ ओसरला आणि १६३१मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याने तिथे शाळा सुरू केली. ती शाळा अजून चालू आहे. आम्ही गेलो तेव्हा सुट्ट्या लागल्या होत्या आणि दरवाजापाशी एक माणूस सायकलीचे स्टँड रंगवत होता. मठाचं चर्च शेजारीच आहे. आता ते ऑर्थोडॉक्स पंथाचं आहे, आत मेणबत्त्या आणि सोनेरी मूर्तिपट.

तिथून चढ चढून तोम्पेआच्या टेकडीवर गेलो. हा उमरावांचा टॅलिन. खाली व्यापारी आणि कारागीर, वर जमीनदार, अशी या शहराची शतकानुशतकांची विभागणी. वरच्या कॅथेड्रलमध्ये शिरल्यावर क्षणभर कुठे बघावं कळेना. भिंतींवर लाकडात कोरलेली कुलचिन्हं, काही माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, शंभराहून अधिक. घराण्यातला माणूस गेला की त्याचं कुलचिन्ह मिरवत आणायचं आणि इथे लावायचं, अशी प्रथा होती. एस्टोनियाची सातबाऱ्याची वही वाचायची असेल, तर ती या चर्चमध्ये भिंतीवर टांगलेली आहे.

वेदीजवळ एक दगडी शवपेटी आहे. तिच्यावर एक पुरुष आणि एक स्त्री शेजारी शेजारी निजलेले कोरले आहेत. पुरुष पूर्ण चिलखतात. हा पाँटस दे ला गार्दी, मूळचा दक्षिण फ्रान्सचा. डेन्मार्कच्या राजाकडे शिपाईगिरी करायला आला, १५६५मध्ये स्वीडिश सैन्याच्या हाती सापडला आणि पुढे त्याच स्वीडनचा सेनापती झाला. राजा योहान तिसरा याने आपली अनौरस मुलगी सोफिया त्याला दिली. १५८१मध्ये त्याने रशियनांकडून नार्व्हा शहर जिंकलं आणि त्याच वर्षी राजाने त्याला कोल्गाची जहागीर बहाल केली. कोल्गा पाल्म्सेच्या वाटेवरच लागतं, म्हणून या दोघांपाशी मी रेंगाळले. सोफिया १५८३मध्ये बाळंतपणात गेली. दोन वर्षांनी पाँटस नार्व्हा नदीत होडी बुडून गेला. शिल्पकार आरेंट पासर याने दगडात झालरीची घडीन्‌घडी काढली आहे, तरी माझं लक्ष पुन्हा पुन्हा सोफियाच्या चेहऱ्याकडे जात होतं.

कॅथेड्रलपासून दोन मिनिटांवर स्टेनबॉक भवन. आज इथे एस्टोनियाच्या पंतप्रधानांचं कार्यालय आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियन सरकारने ही इमारत न्यायालयासाठी बांधायला काढली आणि काम कोल्गाचा जहागिरदार याकोब पाँटस स्टेनबॉक याला दिलं. १७८७मध्ये तुर्कस्तानशी युद्ध पेटलं, खजिन्यातून पैसे येईनात, म्हणून काउंट स्टेनबॉकने ती स्वतःकडेच ठेवून घेतली. आराखडा योहान कास्पर मोर या वास्तुकाराचा. हे नाव लक्षात ठेवायला हवं, कारण पाल्म्सेचा वाडा आज ज्या रूपात उभा आहे ते रूपही मोरनेच दिलेलं. भिंतीवर एक फलक आहे. १९४०नंतर सोव्हिएत राजवटीत मारल्या गेलेल्या मंत्र्यांची नावं त्यावर आहेत. भाचीने तो फलक शेवटपर्यंत वाचला. रोज ऑफिसला जाताना ती या टेकडीच्या पायथ्यावरून जाते.

संध्याकाळी बाल्टी याम, म्हणजे रेल्वे स्टेशनजवळच्या बाजारात काळी राईची भाकर आणि धुरावलेले मासे घेतले. या स्टेशनाचाही पाल्म्सेशी संबंध आहे. सेंट पीटर्सबर्गपासून टॅलिनमार्गे पाल्दिस्की बंदरापर्यंतची रेल्वे १८७०मध्ये सुरू झाली ती बॅरन अलेक्झांडर फॉन डेर पालेन यांच्या खटपटीमुळे. ते पाल्म्सेचे मालक. टॅलिन आज जे काही औद्योगिक शहर आहे, त्याची सुरुवात या रुळांपासून झाली.

दिवस दुसरा : पाल्म्से

सकाळी लवकर निघालो. नार्व्हाकडे जाणारा महामार्ग सरळ आणि मोकळा, दोन्ही बाजूंना पाइन आणि बर्चची झाडं. वीत्नापाशी डावीकडे वळलो. तिथल्या जुन्या रस्त्यावरच्या खानावळीत कामा खाल्ला. भाजलेल्या जव, राई, ओट आणि वाटाण्याचं पीठ आंबट दुधात कालवून देतात. पहिला घास घेतला आणि आजोळी मिळणाऱ्या सातूच्या पिठाची चव जिभेवर आली. मग जंगलातला अरुंद रस्ता, अचानक झाडं संपली आणि कुंपणापलीकडे वाडा दिसला.

फिकट रंगाची दुमजली इमारत, भिंतीत पांढऱ्या खांबपट्ट्या, उंच छप्पर. डौल आहे, पण दरारा नाही. मागे उतरत गेलेली बाग, बागेखाली तळं, तळ्याच्या काठी खांबांचा गोल मंडप. बाजूला काचेचं पामगृह. आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. उत्तरेच्या या थंडीत ताड आणि निवडुंग जगवायचे, म्हणजे हिवाळाभर लाकूड जाळत राहायचं. श्रीमंती दाखवायचा याहून खर्चीक मार्ग त्या काळी कुठला असेल?

आता मालकांकडे येते. जोगिणींनी पाल्म्से सव्वादोनशे वर्षं सांभाळलं. १५१०मध्ये त्यांनी बेर्ट्राम युंगे नावाच्या सरदाराशी अदलाबदल केली. हे गाव तू घे, तुझं नाबाला आम्हाला दे. टॅलिनच्या जवळची जमीन त्यांना सोयीची वाटली असावी. पुढे ते मेट्सटाकेन घराण्याकडे गेलं आणि दीडशे वर्षं राहिलं. १६७७पासून, लग्नसंबंधातून, ते फॉन डेर पालेन घराण्याकडे आलं. गुस्ताव क्रिश्चन फॉन डेर पालेन याने दगडी वाडा बांधायला काढला तो १६९७मध्ये, याकोब स्टाल फॉन होलश्टाइन या स्वीडिश तटबंदी-अभियंत्याच्या आराखड्यावर.

साल नीट पाहिलं पाहिजे. १६९५ ते ९७ हा एस्टोनियातल्या महाभयंकर दुष्काळाचा काळ. पावसाने पिकं कुजली, लोक हजारोंनी मेले, आणि त्याच सुमाराला इथे पायाचे दगड रचले जात होते. माहितीफलकांवर दोन्ही गोष्टी एका वाक्यात येत नाहीत. मला त्या वेगळ्या करता येईनात.

वाडा काही लगेच पुरा झाला नाही. १७००मध्ये स्वीडन आणि रशियाचं ‘उत्तरेचं महायुद्ध’ पेटलं. १७१०मध्ये प्लेगची साथ आली आणि त्याच वर्षी टॅलिन पीटर द ग्रेटच्या स्वाधीन झालं. स्वीडनचं राज्य संपून रशियाचं आलं. एवढ्या मोठ्या उलथापालथीत पालेनांचं काय झालं? काही नाही. पीटरने बाल्टिक उमरावांना त्यांच्या जमिनी, त्यांची भाषा, त्यांचे हक्क सगळं कायम ठेवून दिलं. उलट स्वीडनच्या राजाने सरकारजमा करायला घेतलेल्या जहागिऱ्याही उमरावांना परत मिळाल्या. वाडा १७४०मध्ये पुरा झाला आणि १७८२ ते १७८५ या काळात मोरने तो वाढवून आजच्या रूपात आणला.

आत खोल्यांमागून खोल्या. दिवाणखाना, जेवणघर, अभ्यासिका, मुलांची खोली, उंच कौली शेगड्या. सामान त्या काळाचं आहे, पण या घराचं नाही. पालेनांचं सामान कधीच पांगलं, म्हणून इतर ठिकाणांहून जुन्या वस्तू जमवून खोल्या सजवल्या आहेत. हे कळल्यावर मी खुर्च्यांकडे बघणं सोडून खिडक्यांबाहेर बघू लागले. बाहेरचा देखावा तरी त्यांचाच आहे.

या घरात वाढलेली दोन माणसं रशियाच्या इतिहासात आहेत. प्योत्र पालेन, जन्म १७४५, याच पाल्म्सेचा. तो सेंट पीटर्सबर्गचा लष्करी गव्हर्नर होता आणि मार्च १८०१मध्ये झार पॉल पहिला याचा त्याच्याच राजवाड्यात खून झाला, त्या कटाचा सूत्रधार हाच. नव्या झारने, अलेक्झांडरने, काही महिन्यांतच त्याला राजधानीतून दूर केलं. बापाच्या खुनामुळे गादीवर आलेल्या मुलाला हा माणूस समोर नको होता. दुसरा कार्ल मॅग्नस, १७७९चा. नेपोलियनविरुद्ध लढला, १८३० ते १८४५ बाल्टिक प्रांतांचा गव्हर्नर-जनरल होता आणि म्हातारपणी परत येऊन १८६३मध्ये वारला.

ही सगळी ऐट उभी होती कशावर? उत्तर वाड्यात मिळत नाही, आवारात मिळतं. कोठारं, तबेला, लोहारखाना, न्हाणीघर, आणि सगळ्यांत महत्त्वाची दारूभट्टी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथल्या जहागिऱ्यांचं खरं उत्पन्न धान्यापेक्षा धान्याच्या दारूचं. धान्य गाळून दारू केली की वाहतूक स्वस्त पडायची, रशियात गिऱ्हाईक तयार, आणि उरलेल्या चोथ्यावर बैल पोसायचे. धान्य पेरायला, कापायला, झोडायला, भट्टीसाठी लाकूड तोडायला माणसं फुकट होती. घरटी ठरलेले दिवस वेठ. मुकादम पहाटे घंटा वाजवायचा. पाल्म्सेची भट्टी आता हॉटेल आहे. आमचा मुक्काम तिथेच होता.

बाहेरच्या एका दगडी भिंतीपाशी भाची मला थांबवून म्हणाली, “मावशी, हे बघ, जवळून.” हिमयुगात वाहत आलेले मोठे गोल ग्रॅनाइटचे दगड, त्यांच्या मधल्या चुन्यात बोटाच्या पेराएवढ्या काळ्या-तांबड्या कपच्या दाबून बसवलेल्या. ओळीने, एकीला लागून एक, सगळ्या भिंतभर. चुना ओला असतानाच हे करावं लागतं. म्हणजे दगड फोडणारा एक, कपच्या वेचणारा दुसरा आणि बसवणारा तिसरा. आणि हे कोठार हो! दिवाणखाना नव्हे. मी हात फिरवून पाहिला. काही कपच्या गळून पडल्या होत्या, तिथे बोटाच्या टोकाएवढे खड्डे राहिले होते.

एस्टोनिया प्रांतात गुलामी १८१६मध्ये कायद्याने संपली, पण जमीन उमरावाचीच राहिली. माणूस मोकळा झाला, तरी झोपडीखालची जमीन त्याच बॅरनकडून खंडाने घ्यायची, आणि खंड पुन्हा वेठीच्या दिवसांत फेडायचा. शेतकऱ्यांना आडनावंसुद्धा त्यानंतरच मिळाली. जमीन विकत घेण्याची सोय झाली ती शतकाच्या मध्यावर. डिसेंबर १९०५मध्ये हा राग उफाळला आणि उत्तर एस्टोनियात शंभराच्या आसपास वाडे जळाले. पाल्म्से वाचलं.

ऑक्टोबर १९१९चा जमीन कायदा आला तेव्हा स्वातंत्र्ययुद्ध अजून चालू होतं. कसेल त्याची जमीन, आणि आघाडीवर लढणाऱ्याला आधी. सैन्यातल्या शेतकरी पोरांना लढायला यापेक्षा मोठं कारण काय देणार? हजाराहून जास्त जहागिऱ्या सरकारजमा झाल्या, शेतं वाटली गेली. पालेनांनी १९२३मध्ये पाल्म्से सोडलं. अडीचशे वर्षांचं बिऱ्हाड. मला त्यांच्याबद्दलही वाईट वाटलं, हे लिहिलंच पाहिजे. कायदा न्याय्य होता, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही.

पुढचा मालक सरकार. पण ‘सरकार’ म्हणजे दर दहा-वीस वर्षांनी वेगळं कुणीतरी. आधी संरक्षण दलाच्या स्वयंसेवकांचं विश्रामगृह, मग सोव्हिएत काळात ‘पायोनियर’ या साम्यवादी बालसंघटनेच्या, लाल रुमाल बांधलेल्या मुलांची शिबिरं. वाड्याचा नूर उतरत गेला. १९७१मध्ये लाहेमा राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं, सबंध सोव्हिएत संघातलं पहिलं, आणि १९७२मध्ये पाल्म्से उद्यानाच्या ताब्यात आलं. मग दहाएक वर्षं दुरुस्ती चालली. एस्टोनियात संपूर्ण आवारासकट पुन्हा उभा केलेला हा पहिला वाडा.

या दुरुस्तीचा मला सगळ्यांत जास्त अचंबा वाटतो. साम्यवादी राजवट, शाळेच्या पुस्तकांत जर्मन बॅरन म्हणजे रक्त पिणारा शत्रू, आणि एस्टोनियन माणसाच्या मनातही ‘सातशे वर्षांची गुलामी’ घर करून बसलेली. तरी इथल्या सुतारांनी, गवंड्यांनी, इतिहासकारांनी, माळ्यांनी मिळून बॅरनचं घर पुन्हा बांधलं. आपल्या पूर्वजांच्या हातचं काम त्यात आहे, हे त्यांना दिसलं असणार. राष्ट्रीय उद्यानाच्या नावाखाली त्या काळात एस्टोनियाने आपला बराच वारसा गुपचूप सांभाळून ठेवला.

दिवस तिसरा : इलुमॅए, सागादी, आल्त्या

पाल्म्सेपासून थोड्याच अंतरावर इलुमॅएचं छोटं चर्च आहे. पालेनांची दफनभूमी इथेच. खिडक्यांच्या काचांवर कुलचिन्हं रंगवलेली आहेत, आणि त्यात पालेनांच्या बरोबरीने पाल्म्सेच्या शेतकऱ्यांचीही चिन्हं आहेत. परवा कॅथेड्रलमध्ये शंभरावर कुलचिन्हं पाहिली, त्यात शेतकऱ्याचं एकही असणं शक्य नव्हतं. इथे ज्याने पैसे दिले त्याची काच. वाड्याच्या सगळ्या इतिहासात मालक आणि कूळ एका ओळीत बसलेले मला फक्त या खिडक्यांत सापडले. बाहेर थोड्या अंतरावर एक जुनं लिंडनचं झाड आहे. ख्रिस्ती धर्म यायच्या आधीपासूनची इथली देवराई, तिच्यातलं हे उरलेलं पवित्र झाड. फांद्यांना रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. जोगिणी, उमराव, सोव्हिएत कमिसार सगळ्यांच्या राज्यात लोक इथे येतच राहिले.

सागादी तिथून मोटारीने जवळ. गुलाबी-पांढरा, बुटका, लांबट वाडा, वर मनोऱ्याचं प्रवेशद्वार, मधे हिरवळीचं मोठं वर्तुळ. १४६९मध्ये नोंद, १६८७मध्ये फॉन फोक घराणं, १७४९ ते १७५३मध्ये वाडा बांधला आणि शतकाच्या शेवटी पुन्हा नटवला. १९१९नंतर इथे शाळा आली. ज्या दिवाणखान्यात बॅरोनेस पियानो वाजवायची, तिथे गावातली मुलं पाढे म्हणायला लागली. आता हा वाडा सरकारी वनखात्याकडे आहे. तबेल्यात जंगलाचं संग्रहालय आहे. आरे, करवती, झाडांच्या खोडांचे काप, आणि प्रत्येक कापावर वर्षांची वळी. एका खोडावर बोट ठेवून भाची मागे मागे मोजत गेली. रेल्वेवाले अलेक्झांडर, मग कार्ल मॅग्नस, मग प्योत्र... तिथे खोड संपलं.

विहुलाच्या वाड्यापाशी फार वेळ थांबलो नाही. १८१०च्या सुमारास ते फॉन शुबर्ट घराण्याकडे आलं. सोव्हिएत काळात तिथे वृद्धाश्रम होता, मग हॉटेल. तळी आणि पाणचक्की सुंदर आहेत. पण इमारतीवर नूतनीकरणाचा इतका हात फिरलाय, की जुनं काय उरलं ते शोधावं लागतं.

शाळा, वृद्धाश्रम, शिबिर. दिवसभर हेच शब्द कानावर पडत होते. वाड्याच्या भाग्याचा हिशेब त्यातूनच उलगडत गेला. १९१९नंतर ज्या वाड्यात माणसं नांदली, तिथे कुणीतरी हिवाळ्यात शेगडी पेटवली, छपरातली गळती बुजवली, फुटलेली काच बसवली. मालकी नावापुरती राहिली आणि खोल्या रिकाम्या पडल्या, तिथे दोन-तीन हिवाळ्यांत छप्पर गेलं. छप्पर गेलं की भिंतीत पाणी मुरतं, ते गोठून दगड फोडतं. या हवेत वाड्याचं मरण इतकं साधं असतं. एस्टोनियात आजही कितीतरी गावांच्या शाळा जुन्या वाड्यांत भरतात. ते वाडे टिकले ते मुलांनी टिकवले, असंच मी म्हणेन.

दुपारी आल्त्याला, समुद्रावर. मासेमारीचं गाव, गवती छपरांची घरं, जाळी ठेवायच्या लाकडी खोपट्या, माणसं उभी राहून झुलतात तो मोठा लाकडी झोपाळा. समुद्र इतका शांत होता की लाट किनाऱ्याला लागलेली ऐकू येईना. डास मात्र फार. रात्री अकरालाही उजेड होता.

दिवस चौथा : कोल्गा

परतीच्या वाटेवर कोल्गा. पहिल्या दिवशी ज्याच्या थडग्यापाशी उभी होते, त्या पाँटस दे ला गार्दीची जहागीर.

कोल्गाचे मालक पाल्म्सेपेक्षाही तालेवार. तेराव्या शतकात ते स्वीडनजवळच्या गॉटलंड बेटावरच्या रोमा मठाचं होतं. तिथले सिस्टर्शियन साधू समुद्र ओलांडून इथलं धान्य न्यायचे. १५१९मध्ये त्यांनी ते डेन्मार्कच्या राजाला, क्रिश्चन दुसरा याला विकलं. मग हात बदलत बदलत स्वीडनच्या राजाकडे, त्याच्याकडून पाँटसकडे, पाँटसकडून मुलगा याकोबकडे, आणि याकोबची मुलगी क्रिस्टिना कॅथरिना हिने १६५८मध्ये गुस्ताव ओटो स्टेनबॉकशी लग्न केलं, तेव्हा स्टेनबॉकांकडे. मागे वळून पाहिलं तर या वाड्यांच्या मालकीच्या साखळीत मोठमोठे सांधे बायकांचे आहेत. त्यांचं नाव यादीत क्वचितच येतं, ‘लग्नसंबंधातून’ एवढा एक शब्द येतो. सोफिया, क्रिस्टिना कॅथरिना, मेट्सटाकेन घराण्यातून पाल्म्सेच्या पालेनांकडे आलेली सासुरवाशीण. जमीन त्यांच्याबरोबर गेली, आणि पाटी नवऱ्याच्या घराण्याची लागली.

वाडा प्रचंड आहे. लांबच लांब दर्शनी बाजू, मधे उंच खांब, १८२०च्या दशकातलं भारदस्त रूप. जवळ गेलं की गिलावा पोपडे धरून निघालेला, आतली वीट उघडी, पायऱ्यांच्या फटींत गवत. १८८५मध्ये ही जहागीर एका तरुण कवीच्या वाट्याला आली. एरिक स्टेनबॉक, इंग्लंडमध्ये जन्मलेला. दीडेक वर्ष तो इथे आपल्या पाळीव प्राण्यांसह राहिला, मग इंग्लंडला परतला आणि पस्तिशीत वारला. १९१९नंतर जमीन गेली, १९४०नंतर उरलेलंही गेलं, वाडा सामूहिक शेतीच्या कारभारात आला. देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर जुन्या मालकांना मालमत्ता परत द्यायचं धोरण ठरलं आणि १९९३मध्ये कोल्गा स्टेनबॉकांच्या वंशजांच्या हाती परत आलं.

पायरीवर बसून भाची म्हणाली, “म्हणजे ज्यांना घर परत मिळालं त्यांचं घर पडायला आलंय, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांचं चकाचक?” अगदी तसंच आहे. पण मी वंशजांना बोल लावणार नाही. पूर्वी हे घर चालायचं ते हजारो एकर शेतीवर, भट्टीवर आणि वेठीवर. परत मिळालं ते घर. त्याच्या पोटात अन्न घालणारी जहागीर परत मिळणार नव्हती, आणि मिळायलाही नको होती. एवढं छप्पर एका कुटुंबाच्या मिळकतीत कसं शाकारायचं? पाल्म्सेला राष्ट्रीय उद्यान मिळालं, सागादीला वनखातं. कोल्गाला वंशज मिळाले.

आवारातल्या एका जुन्या इमारतीत गावाचं लहानसं संग्रहालय आहे. नांगर, दुधाची भांडी, मासेमारीचे गळ, वाड्यातल्या काही वस्तू आणि जहागिरीचे नकाशे. नकाशावर प्रत्येक शेताला नाव होतं. तिथल्या बाईंनी काचेवरची धूळ पदरच्या कापडाने पुसली आणि एका शेताकडे बोट करून भाचीला एस्टोनियनमध्ये काहीतरी सांगितलं. ते शेत त्यांच्या पणजोबांना १९२०च्या दशकात जमीनवाटपात मिळालं होतं. १९४९नंतर सामूहिक शेतीत गेलं आणि नव्वदच्या दशकात परत आलं. “आता काय पेरता?” मी भाचीकरवी विचारलं. बटाटे आणि जव, त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या तुकड्यावर मुलाने घर बांधलंय.

टॅलिनला पोचेपर्यंत भाचीने पुढचा बेत ठरवून टाकला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या वाड्यांत शाळा भरतात, ते लोकांना बघायला खुले करतात, आणि शिक्षक-विद्यार्थीच वाडा दाखवतात. जुलैत ती त्यातले चारपाच करणार आहे. मी तिला सांगून ठेवलंय की प्रत्येक ठिकाणी आधी छपराचा फोटो काढ आणि मग मुलांना विचार, वर्गात सगळ्यांत गार खोली कुठली.